रडणं मोजू नका, लंगोट मोजा



एरवी मी इथे लिहितो ते रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांबद्दल, नाहीतर बँकेतल्या गमतींबद्दल. आजचा विषय वेगळा आहे. पंचाहत्तरीतला माणूस बायकांच्या विषयात नाक का खुपसतोय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. या विषयात नाक न खुपसल्याची किंमत माझ्या घराने मोजलेली आहे, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारात नात्यातल्या एका घरी बारशाला गेलो होतो. मुलगी सुरतेला दिलेली, पहिलं बाळंतपण माहेरी. पाळणा सजवलेला, पुढच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं, घुगऱ्यांचा वास. बाळ रडत होतं. बारा दिवसांचं बाळ एवढ्या गर्दीत रडणारच. पण आमच्या एक ज्येष्ठ वहिनी शेजारणीच्या कानाशी लागून, म्हणजे अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पोरीला दूधच कमी आहे हो. सारखं मागतंय बाळ, पोटच भरत नाही त्याचं."

झालं. मग सगळ्याच सरसावल्या. एक म्हणाली हळिवाचे लाडू सुरू केले का, दुसरी म्हणाली शतावरी द्या, तिसरी म्हणाली आमच्या वेळी पदर भिजायचे, हल्लीच्या मुलींना कुठलं आलंय. चौथीने निकालच दिला, "सरळ वरचं सुरू करा, उगीच पोर उपाशी मारू नका." बाळाची आई कोपऱ्यातल्या पलंगावर मान खाली घालून बसली होती. काठापदराची साडी, हातात हिरवा चुडा आणि डोळे लाल.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "दिवसाला लंगोट किती ओले होतात?"

खोली एकदम गप्प. मग कोणीतरी हसून म्हणालं, "काका, बँक सोडून आता हे खातं उघडलंत का?" सगळे हसले. पण त्या मुलीने मान वर केली आणि हळूच सांगितलं, "रात्र धरून सात-आठ. आणि शी चार-पाच वेळा, पिवळी."

"वजन?"

"दहाव्या दिवशी केलं. जन्माच्या वजनापेक्षा चाळीस ग्रॅम जास्त भरलं."

मग दूध कमी कुठून झालं? मी एवढंच म्हणालो, तेवढ्यात घुगऱ्यांच्या वाट्या आल्या आणि विषय बुडाला. पण मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात. त्या मुलीकडे सगळा पुरावा होता, आकड्यांसकट होता, पण तो कोणी मागितलाच नाही. निकाल मात्र पाच जणींनी पाच मिनिटांत दिला.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

माझी थोरली मुलगी १९७९ च्या जुलैअखेरीस झाली. मी म. स. विद्यापीठाचा बी.कॉम., बँकेत लागून सात वर्षं झालेली. बायकोचं माहेर आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, त्यामुळे मी रोज संध्याकाळी बँक सुटली की थेट तिकडेच जायचो. पाऊस कोसळत होता. चौकात, जिन्यात, गॅलरीत, जिथे दोरी बांधता येईल तिथे लंगोट आणि दुपटी वाळत घातलेली. तरी वाळत नसत, म्हणून स्वयंपाकघरात शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक लंगोट पसरलेला. दारातून आत शिरताना मी ती दोरी हाताने बाजूला सारायचो. ही दोरी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी संध्याकाळी फार रडू लागली. सहा ते दहा, सारखी अंगावर हवी. आत्ता पाजलं, अर्ध्या तासाने पुन्हा. बायको दमून जायची. तारीखही मला आठवते, कारण ११ ऑगस्टला मोरबीला मच्छूचं धरण फुटलं होतं आणि त्या आठवड्यात आम्ही बँकेतले लोक काउंटरवर पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा करत होतो. तशाच एका संध्याकाळी मी गेलो तर घरात सभा भरलेली. सासूबाई, माझी आई, वरच्या मजल्यावरच्या मावशी. ठरलं होतं की हिच्या अंगावर दूध पुरत नाही. कोणी ठरवलं ते आज सांगता येणार नाही. घरातल्या अशा ठरावांना सूचक-अनुमोदक नसतात. मला फक्त अंमलबजावणी सांगितली गेली. छत्री घेऊन रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात गेलो आणि पावडरीचा डबा घेऊन आलो. डब्यावर गुटगुटीत बाळाचं हसरं चित्र होतं. मला वाटलं, मी बाप म्हणून केवढं मोठं काम केलं.

बाटली पिऊन मुलगी त्या रात्री चार तास झोपली. मग सगळ्यांचीच खात्री पटली की बघा, उपाशीच होती.

पुढचं फार लांबवत नाही. बाटली प्यायल्यावर ती अंगावर कमी पिऊ लागली. कमी प्यायली म्हणून दूध कमी झालं. कमी झालं म्हणून बाटली वाढली. अडीच महिन्यांची होईतो अंगावरचं पूर्ण सुटलं. चौथ्या महिन्यात जुलाब लागले, बाटली नीट उकळली गेली नसेल, आणि तीन दिवस सलाईन लावून दवाखान्यात काढले. त्या तीन दिवसांत माझ्या बायकोने अन्नाला हात लावला नाही. आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं, कुठेही बाळंतपणाचा विषय निघाला की ती एकच वाक्य म्हणत आली, "माझ्या अंगावर दूधच नव्हतं." धाकट्याच्या वेळी तर तिने प्रयत्नच केला नाही. "मला नसतंच," म्हणाली. एका संध्याकाळच्या ठरावाने दोन मुलांचं दूध गेलं.

आता मी वाणिज्य शाखेचा माणूस, वैद्यकातलं मला पूर्वी काही कळत नव्हतं. पुढे जे लिहितोय ते नंतर डॉक्टरांकडून, नर्सबाईंकडून ऐकलेलं, वाचलेलं आणि एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट ही की दूध किती आलं ते कोणाला दिसत नाही. बाटलीवर रेषा असतात, आईच्या अंगावर नसतात. म्हणून आपण बाजूबाजूच्या गोष्टींवरून अंदाज बांधतो आणि त्या बहुतेक सगळ्या फसव्या असतात. बाळ रडतं म्हणजे उपाशीच असेल असं नाही. ते गरम होतंय, ओलं झालंय, दमलंय, नाहीतर नुसतं कुशीत यायचंय. संध्याकाळी सारखं सारखं पिणं हे तर बहुतेक बाळं करतात आणि दोन-तीन आठवड्यांची असताना, पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास, वाढीच्या दिवसांत जास्तच करतात. माझी मुलगी नेमकी त्याच दिवसांत होती. आईचं अंग मऊ लागतं, पदर भिजत नाही, यावरूनही काही ठरत नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर अंग बाळाच्या मागणीप्रमाणे बेताने दूध करू लागतं, तेव्हा तो ताठरपणा जातोच. हाताने किंवा पंपाने काढून पाहिलं तर थोडंच निघालं, हाही पुरावा नाही. बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही. आणि पाजल्यावर बाटली दिली तर बाळ पितं, यावरूनही काही सिद्ध होत नाही. तोंडात आलेलं चोखणं हा त्याचा स्वभावच आहे. माझ्या मुलीने त्या रात्री बाटली प्यायली ती अशीच.

दुसरी गोष्ट मला बँकेतल्या माणसाला समजायला फार वेळ लागला. आमच्याकडे खात्यातून काढलं की शिल्लक कमी होते. इथे उलटं आहे. जितकं काढाल तितकं जास्त जमा होतं. बाळ ओढतं, अंग रिकामं होतं, तेव्हाच आईच्या शरीराला आणखी दूध करायचा हुकूम जातो. वरचं दिलं की तो हुकूम जात नाही. म्हणजे "दूध कमी आहे" हा निकाल चुकीचा असला तरी त्यावर अंमल केला की तीन आठवड्यांत तो खरा होतो. मग सगळे म्हणतात, आम्ही सांगत होतोच.

मग कळायचं कसं? आत गेलेलं दिसत नाही, बाहेर आलेलं दिसतं. जमेची बाजू झाकलेली असेल तर खर्चाची बाजू पाहावी.

जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक, पिवळसर, दाट, अगदी थोडा. पहिल्या दिवशी एका वेळेला चहाच्या चमचाभर. आजी घाबरतात की एवढ्याने काय होणार. पण बाळाचं पोटच तेवढं असतं. आपल्याकडे हा चीक पिळून टाकायची, तोवर मधाचं बोट चाटवायची पद्धत होती. आमच्या शेजारच्या गुजराती घरांतली गळथुथी तीच. आमच्या घरीही मध चाटवला होता. आज डॉक्टर वर्षाच्या आत मध देऊच नका म्हणतात, त्यातून तान्ह्या बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. असो. पहिल्या दिवशी एखादा लंगोट ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं चढत जातं. दूध दोन ते चार दिवसांत भरून येतं. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या आईला कधी थोडा उशीर लागतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवी फिकी, जवळजवळ पाण्यासारखी असावी. शी आधी काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळसर, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. पहिल्या महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा तरी. तिला जुलाब समजून पाणी पाजायला धावणाऱ्या आज्याही मी पाहिल्या आहेत. पाणी सहा महिने मुळीच लागत नाही, आपल्या बडोद्याच्या मे महिन्यातसुद्धा. दीड महिन्यानंतर एखादं बाळ चार-चार दिवस शी करत नाही. शी मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर त्याचीही फिकीर नको.

आणि वजन. प्रत्येक बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत उतरतं, शेकडा सात टक्क्यांपर्यंत सहज. दहाच्या वर गेलं तर डॉक्टरांनी नीट पाहायलाच हवं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं आणि मग रोज वीस-तीस ग्रॅम चढतं. आमच्या घरी १९७९ साली कोणी वजन केलंच नाही. दृष्ट लागते म्हणे. हल्ली आशा ताई घरी येऊन काट्यावर बाळ तोलतात; दवाखान्यात बाळंतपण झालेलं असलं तरी पहिल्या सहा आठवड्यांत त्यांच्या सहा फेऱ्या ठरलेल्या आहेत. आपल्यातल्या बऱ्याच घरांत त्यांना दारातूनच "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून परत पाठवतात. त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि वजन करून घ्या.

आता म्हणाल, काका, तुम्ही आईंना बाळाच्या रडण्याकडे दुर्लक्ष करायला सांगताय. तसं मुळीच नाही. २००७ साली उलटीच गोष्ट घडली, ती ऐका.

तीच मुलगी, जी डब्याच्या दुधावर वाढली, हैदराबादहून पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. डिसेंबर, सिझेरियन, मुलगा. वजन २,९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी आलो. नातू इतका शांत की बघायला येणारे म्हणत, किती शहाणं बाळ! रडत नाही, पाच-पाच तास झोपतो, अंगाशी घेतला की दोन घोट ओढून पुन्हा झोपतो. थंडी म्हणून गुंडाळून ठेवलेला. बायको तर हात जोडायची, "माझ्यासारखं हिचं नाही झालं." शिवाय बाजारी डायपर. तो ओला आहे की कोरडा हे वरून कळतच नाही. कोरडाच वाटायचा, आम्हाला वाटे किती छान शोषून घेतोय.

सहाव्या दिवशी समोरच्या बेन आल्या. तीन मुलं, सात नातवंडं वाढवलेल्या. बाळ हातात घेतलं, हलकं करून पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न केला, "बाळोतियां केटलां पलळ्यां?" किती भिजली. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आठवून आठवून सांगितलं, कालपासून दोन. त्यांनी डायपर काढला, तर त्यावर विटकरी रंगाचा डाग. मुलगी म्हणाली, रक्त? बेन म्हणाल्या, रक्त नाही, पण लघवी फार दाट झाली आहे. असा डाग पहिल्या दोन दिवसांत दिसला तर एवढं वाटू नये, आता दिसणं बरं नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.

काट्यावर २,५६० ग्रॅम. तीनशेचाळीस ग्रॅम उतरलं होतं, म्हणजे शेकडा पावणेबारा. टक्केवारी काढायला मला कागद लागत नाही, ती मनात आली आणि पायांतलं बळ गेलं. अंग पिवळं दिसत होतं, कावीळ वाढली होती. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवला.

तिथल्या एक नर्सबाई मला आजही देवासारख्या आठवतात. त्यांनी मुलीच्या शेजारी बसून फक्त धरायचं कसं ते दाखवलं. बाळाने तोंड मोठं उघडायला हवं, फक्त टोक नाही तर भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी अंगाला टेकलेली. आईला दुखत असेल तर धरणं चुकलं आहे. दुखणं सोसायचं नसतं, सोडवून पुन्हा लावायचं. नुसतं चोखणं आणि गिळणं यांत फरक असतो. आधी भराभर चोखतं, मग पान्हा आला की ओढणं लांब, सावकाश होतं आणि मध्ये हलका गिळल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐका, घड्याळ नको, असं त्या म्हणाल्या. शिवाय झोपलेल्या बाळाला दोन-तीन तासांनी उठवायचं, दुपटं सोडायचं, तळपायाला बोट लावायचं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. पाजून झाल्यावर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. दोन दिवस डॉक्टरांनी थोडं वरचंही दिलं, मोजून, आणि कधी बंद करायचं तेही सांगून. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझं वैर डब्याशी नाही. आई आजारी असते, बाळ फार लवकर जन्मलेलं असतं, जुळं असतं, काही जणींना खरंच दूध कमी येतं. तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध हे औषधासारखं आहे आणि त्यात लाज कसली? माझं म्हणणं पुराव्याविना ठराव करू नका एवढंच आहे.

सोळाव्या दिवशी नातू २,९१० भरला. त्या दिवशी मी बँकेत पेढे वाटले.

आता माझ्या मूर्खपणाचंही सांगायला हवं. दवाखान्यातून आल्यावर मी रजा घेतली आणि बँकेच्या जुन्या डायरीत रकाने आखले. वेळ, डावं-उजवं, शू, शी, रंग, शेरा. लाल पेनने बेरीज. पहिले आठ दिवस त्याचा खरोखर उपयोग झाला, डॉक्टरांनीही पाहून "वा" म्हटलं. पण मी थांबेना. रात्री तीनला दाराशी उभा राहून विचारायचो, किती मिनिटं प्यायला? एकदा एक रकाना कोरा राहिला तेव्हा मी मुलीला टोकलं. ती ढसाढसा रडली. "बाबा, मी काय तुमची ब्रांच आहे का, रोज इन्स्पेक्शन करायला?" बायकोने डायरी उचलून कपाटात ठेवली, ती मला महिनाभर मिळाली नाही. तेव्हा नातवाचं वजन नीट वाढत होतं, हिशोबाची गरजच संपली होती. हल्लीच्या मुली मोबाइलवर हेच सगळं टिपत बसतात, तेव्हा मला ती डायरी आठवते. पहिले दोन आठवडे मोजा. वजन चढू लागलं की वही मिटा आणि बाळाकडे बघा.

मात्र काही गोष्टींत वाट बघायची नाही. बाळ पाजायला उठतच नाही, मलूल पडतं, आठ तासांत लंगोट ओला झालेला नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, पिवळेपणा वाढतोय, ताप आहे किंवा अंग गार पडलंय, तर लाडू नाही, शतावरी नाही, मोठ्यांचा सल्ला नाही. रिक्षा करा आणि दवाखाना गाठा. रात्र असली तरी.

माझं मत कोणाला कडू लागेल, पण सांगतो. आपल्या घरांत बाळंतपणाची माया उदंड आहे. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळंतिणीचं जेवण, हे सगळं मी डोळे भरून पाहिलंय आणि ती माया कमी व्हावी असं मला वाटत नाही. हळिवाने दूध वाढतं की नाही त्यात मी पडत नाही. दमलेल्या मुलीला कोणी लाडू करून घालतं, हेच पुष्कळ. पण त्या मायेबरोबर आपण निकालही वाढतो, ताटात चटणी वाढावी तसा. रडलं की दूध कमी, झोपलं की शहाणं बाळ. माझ्या घरी दोन्ही निकाल चुकले. पहिल्यात एका आईचा आत्मविश्वास गेला, दुसऱ्यात नातवाचा जीव जाता जाता वाचला. आणि त्या बाळंतिणीला हे निकाल ऐकावे लागतात तेव्हा ती आयुष्यातल्या सगळ्यात हळव्या दिवसांत असते. अपमान आणि धास्ती घेऊन बसलेल्या बाईचा पान्हा लवकर फुटत नाही, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मग त्याच आज्या असं कसं बोलतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

पुरुषांना तर मी जास्त बोल लावीन, स्वतःपासून सुरुवात करून. आपण फक्त डबा आणायला असतो. आपल्याला आयुष्यभर मोजायची सवय, दुकानात, ऑफिसात, बँकेत. मग घरात मोजायची वेळ आली की "बायकांचा विषय" म्हणून ओट्यावर जाऊन बसतो. बाळंतिणीवर मोजायचं काम टाकू नका, तिला पाजायचं आहे आणि झोपायचं आहे. लंगोट बदलणं, मोजणं, वाळत घालणं आणि आलेल्या-गेलेल्यांना "सात ओले झालेत, वजन वाढतंय, बाळ उत्तम आहे" असं मोठ्याने सांगणं, हे बापाने आणि आजोबांनी करावं. दारावर असा एक माणूस उभा असता तर १९७९ ची ती सभा भरलीच नसती.

त्या डब्यावरचं हसरं बाळही मी विसरलो नाही. दोनच वर्षांनी, १९८१ साली, जागतिक आरोग्य संघटनेने डब्याच्या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. आपल्याकडे १९९२ चा कायदा आला. तेव्हापासून अशा दुधाची जाहिरात करायला बंदी आहे आणि डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही. म्हणजे मी एकटाच भुललो होतो असं नाही, हे कळून थोडं बरं वाटलं. पण कायदा दुकानात चालतो. बारशाच्या खोलीत कोणाचा कायदा चालतो ते वर लिहिलंच आहे.

बारशाहून आलो त्या रात्री मी बायकोला ती दोरी आठवते का म्हणून विचारलं. १९७९ च्या पावसाळ्यातली, चौकातली. मी म्हणालो, "अगं, दिवसाला बारा-चौदा लंगोट तरी वाळत असायचे. पोटात काही गेलंच नव्हतं तर ते ओले कसे होत होते? रोज मी तीच दोरी सारून आत यायचो आणि मला दिसलं नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बारा-चौदा नव्हते. पुरेनात म्हणून आईने जुनं लुगडं फाडून आणखी डझनभर शिवले होते."

"कधी?"

"तुम्ही डबा आणलात त्याच्या आदल्या आठवड्यात."